वाऱ्यावरची मोरी

मावशी सोफ्यावरून उठली, माझ्या मांडीवरचं बाळ उचललं आणि एक शब्द न बोलता जिन्याच्या आठव्या-नवव्या पायरीवर जाऊन बसली. रात्रीचे अडीच वाजले असतील. टीव्हीवर एका बंगल्याच्या दिवाणखान्यात पाणी चढत होतं आणि त्या पाण्यातून सोफ्याला वळसा घालून एका शार्कचा पर सरकत होता. मी हसले. तासभर आम्ही दोघी हसतच होतो, फक्त आता ती हसत नव्हती. "अगं मावशी, खोटं आहे ते!" असं म्हणून मी पुन्हा हसले. "माका कळता," ती वरून म्हणाली, आणि बाळाचं दुपटं घट्ट केलं. पिक्चर संपेपर्यंत ती काही खाली आली नाही.

एवढीच गोष्ट. ना भांडण, ना रडारड. पण ते हसू अजून टोचतं.

जुलै २०१४. लेक एकोणीस दिवसांची होती. आईचे गुडघे विमानप्रवासाला तयार नव्हते म्हणून बाळंतपणाला कोकणातल्या देवबागची मावशी आली होती. अमेरिकेत, लॉस एंजेलिसला लागून असलेल्या सँटा मोनिकापासून पंधरा मिनिटांवर आमचं दोन मजली, कागदी भिंतींचं भाड्याचं घर. मावशीनं डिंक, अळीव, बाळंतशोपा सगळं कस्टम्समधून सुखरूप आणलं होतं, पण एक गोष्ट आणता आली नव्हती आणि तिची खंत तिला पहिल्या दिवसापासून होती. बाळंतिणीला मोरी हवी. मोरी म्हणजे लहान शार्क. मुंबईत आपण तिला मुशी म्हणतो. आमच्याकडे तिचं कांदा-खोबऱ्याचं सुकं करतात आणि त्यानं बाळंतिणीला भरपूर दूध येतं यावर मावशीची डॉक्टरांपेक्षा जास्त श्रद्धा. नवऱ्याला घेऊन ती इथल्या एका मोठ्या दुकानात मासळीच्या काउंटरवर गेली होती. बर्फावर मांडलेल्या सोललेल्या, डोकं नसलेल्या, रांगेत झोपवलेल्या तुकड्यांकडे बघून म्हणाली, "ह्येंका डोळे नाय, कल्ले नाय. ताजा म्हणान कसा बघूचा?" काउंटरमागच्या मुलाला यातलं काहीच कळलं नाही. तो आपला हसत राहिला. शेवटी साल्मन आला आणि तिनं त्याला त्रिफळं घालून रावसाच्या जागी बसवलं.

रात्री बाळ दर दोन तासांनी उठायचं. टीव्ही आवाज न करता चालू ठेवायची सवय मला तेव्हा लागली. अंधारात दूध पाजत एकटं बसलं की नको ते विचार येतात, निळा प्रकाश असला की जरा बरं वाटतं. मावशीला तसाही अजून इथल्या रात्रीचा अंदाज आला नव्हता. तिच्या घड्याळात दुपार असायची. ती येऊन शेजारी बसायची. त्या रात्री 'शार्कनेडो' लागला होता. थोड्याच दिवसांत त्याचा दुसरा भाग येणार होता, म्हणून पहिला पुन्हा दाखवत होते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक सांगायला हवं असं मला अजिबात वाटत नाही. नावातच सगळं आहे. शार्क आणि टोर्नेडो. समुद्रातून चक्रीवादळ येतं, पाणभोवरे उठतात, ते शार्क शोषून घेतात आणि लॉस एंजेलिसवर शार्कचा पाऊस पडतो. सँटा मोनिकाच्या धक्क्याजवळ बार चालवणारा एक माजी सर्फिंगपटू घटस्फोटित बायकोला आणि मुलांना वाचवायला निघतो. बारमधला एक म्हातारा बेवडा आपलं आवडतं स्टूल सोडायला तयार नसतो आणि त्याच स्टुलानं शार्कला बडवतो. धक्क्यावरचं ते मोठं गोल पाळण्याचं चाक सुटून गडगडत जातं. (ते खरं चाक आमच्या गच्चीतून रात्री दिसायचं. जागच्या जागी असायचं.) शाळेच्या बसमधल्या मुलांची सुटका होते, बसचा ड्रायव्हर म्हणतो की आई नेहमी सांगायची, हॉलिवुड तुझा जीव घेईल, आणि तेवढ्यात डोंगरावरच्या त्या जगप्रसिद्ध पाटीतलं एक अक्षर उडत येऊन त्याच्यावर आदळतं. एका शॉटमध्ये मुसळधार पाऊस, पुढच्या शॉटमध्ये त्याच गाडीच्या टपावर कडक ऊन.

मावशीनं ते पहिल्या दहा मिनिटांत पकडलं. "गो, ह्यो पाऊस एकाच बाजून पडता काय?" मग म्हणाली, "आणि वाऱ्यार उडणारी मोरी जिती कशी? पाण्याभायर काढली की मोरी किती येळ जगता, इचार माका." इंग्रजीचं एक अक्षर तिला कळत नव्हतं आणि तिचं काही अडत नव्हतं. खरं सांगायचं तर या पिक्चरमध्ये इंग्रजी कळल्यानं कुणाचं फार भलं होतं असंही नाही.

असले पिक्चर बनवणाऱ्या कंपनीचं नाव 'द असायलम'. मोठ्या स्टुडिओचा एखादा चित्रपट गाजायला लागला की जवळपास त्याच नावाचा स्वस्त अवतार बाजारात आणायचा, हा त्यांचा जुना धंदा. 'शार्कनेडो' त्यांनी सायफाय वाहिनीसाठी दहा-वीस लाख डॉलरमध्ये, अठरा दिवसांत उरकला. ११ जुलै २०१३ला तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा टीव्हीसमोर साधारण १४ लाख माणसं होती. अमेरिकेच्या मानानं हे काहीच नाही. पण त्या रात्री ट्विटरवर एका मिनिटाला पाच-पाच हजार ट्विट पडत होते. म्हणजे लोक घरोघर एकेकटे बसून, पण एकत्र हसत होते. तिथून पुढे २०१८पर्यंत सहा भाग निघाले. पाचवा-सहावा मी पाहिला नाही. विनोद आपल्याला कळलाय हे बनवणाऱ्यांना कळलं की मजा जाते. पहिल्या भागात ते अजून कळलेलं नाही, किंवा कळूनही त्यांनी चेहरा सरळ ठेवलाय.

शार्कच्या पिक्चरांचा मूळपुरुष म्हणजे १९७५चा 'जॉज'. त्याची गंमत मला मावशीच्या त्या पावसाच्या प्रश्नावरून आठवली. दिग्दर्शक स्पीलबर्ग तेव्हा पंचविशी नुकतीच ओलांडलेला पोरगा. मार्थाज विनयर्ड बेटावर, खऱ्या समुद्रात शूटिंग करायचा हट्ट. माशाचे तीन यांत्रिक सांगाडे बनवले होते, टीममध्ये त्याचं नाव ब्रूस. दिग्दर्शकाच्या वकिलाचं नाव माशाला. खाऱ्या पाण्यात ब्रूस सारखा बंद पडायचा, बुडायचा. पंचावन्न दिवसांचं काम १५९ दिवस चाललं. मासाच चालेना तर दाखवणार काय? म्हणून मग पाण्याखालून वर बघणारा कॅमेरा, ओढत जाणारी पिवळी पिंपं, आणि संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन सूर. तासाहून जास्त वेळ मासा धड दिसतच नाही, आणि तेवढ्या वेळात जगातल्या निम्म्या लोकांनी गुडघाभर पाण्यात जायचं सोडलं. 'शार्कनेडो'तला शार्क संगणकातला. तो गंजत नाही, बुडत नाही, ओव्हरटाइम मागत नाही. मग काय, पहिल्या मिनिटापासून दाखवा, दहा दाखवा, शंभर दाखवा. लोखंडाचा मासा बिघडला म्हणून माणसं घाबरली. हा कधी बिघडतच नाही, म्हणून हसू येतं.

हे मी तेव्हा मावशीला सांगायला गेले तर ती म्हणाली, "म्हणजे संकासुर."

मला क्षणभर उमगलंच नाही. मग एकदम सगळं डोळ्यांसमोर आलं. देवळासमोरचा मांड, जत्रेची थंडी, खाज्याचा आणि पेट्रोमॅक्सचा मिसळलेला वास, आणि मावशीच्या लुगड्यात गुंडाळलेली मी, सहा-सात वर्षांची. दशावतारात आख्यान सुरू व्हायच्या आधी संकासुर येतो. अंगभर काळं, तोंडावर काळं फडकं, डोळ्यांभोवती पांढरी कडी, लोंबणारी लाल जीभ. वेद चोरणारा राक्षस, पण बोलणार गावच्या मालवणीत, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांची खिल्ली उडवत. ते कापडच आहे, आत अमक्याचा काका आहे, हे आम्हाला ठाऊक असायचं. तरी तो आमच्या दिशेनं वळला की आम्ही किंचाळून मागे सरायचो आणि सरता सरता हसायचो. दरबार म्हणजे चादर टाकलेला एक बाक. त्याच बाकावर इंद्र बसायचा, तोच बाक पुढच्या प्रवेशात पर्वत व्हायचा. कुणी म्हटलं नाही की हा पर्वत हलतो. युद्ध म्हणजे झांजा आणि पखवाजाच्या तालावर दोघांनी गोल फिरायचं. मात्र राजा झालेला माणूस कधी डोळा मिचकावायचा नाही. पत्र्याच्या तलवारीनं तो खरोखर मारायचा आणि समोरचा खरोखर मरायचा. दशावतारी नटांबद्दल आमच्याकडे म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. मुकुट उतरला की पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या वाटेला.

'शार्कनेडो'चा नायक आयन झिअरिंग. नव्वदच्या दशकात एका टीव्ही मालिकेमुळे घराघरांत पोचलेला चेहरा. हा पिक्चर करायला तो आधी तयार नव्हता. पण बायकोला दिवस गेले होते आणि कलाकारांच्या युनियनचा आरोग्यविमा चालू ठेवायचा तर काम करणं भाग होतं, असं त्यानं नंतर मुलाखतींत मोकळेपणानं सांगितलं. हे वाचल्यापासून मला तो आवडायला लागला. शेवटी तो करवत घेऊन आकाशातून पडणाऱ्या शार्कच्या जबड्यात स्वतः उडी मारतो. चेन असलेली ती यांत्रिक करवत घरघरत असते आणि त्याच्या चेहऱ्यावर एक रेघ हलत नाही. बाळंतपणाचं बिल भरायला निघालेल्या माणसाचा चेहरा असाच असणार. आमच्या हॉस्पिटलचं बिल त्याच आठवड्यात आलं होतं, म्हणून मला तो जास्त पटला असेल.

पिक्चरची पहिली पाच मिनिटं मात्र मला नंतर पुन्हा बघावी लागली, कारण तेव्हा बाळाचा ढेकर काढण्यात गेली होती. मेक्सिकोजवळच्या समुद्रात एक बोट. तिच्यावर शार्कचे पर कापायचा बेकायदा धंदा चाललाय, सूपसाठी, आणि कप्तान आणि गिऱ्हाईक पैशांवरून हुज्जत घालतायत. म्हणजे या सगळ्या खुळ्या प्रकाराच्या तळाशी एक खरी गोष्ट ठेवलेली आहे आणि दिग्दर्शक ती ठेवून विसरून गेलाय. हा धंदा आपल्याकडेही होता. पर कापून घ्यायचे आणि बाकीचा मासा पाण्यात फेकायचा, यावर भारतात २०१३ साली बंदी आली, आणि २०१५मध्ये परांची निर्यातच बंद झाली. जगात वर्षाला शार्कच्या हल्ल्यांत मरणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आपण मारतो ते शार्क मात्र कोटींमध्ये. मोरीच्या सुक्यावर वाढलेल्या बाईनं हे लिहावं यात थोडा ढोंगीपणा आहे, कबूल.

त्याच महिन्यात, ५ जुलैला, आमच्या किनाऱ्यावर एक खरा शार्क चावला होता. सँटा मोनिकाच्या दक्षिणेला मॅनहॅटन बीच आहे, तिथल्या धक्क्यावरून कुणीतरी गळ टाकला होता. त्याला सातेक फुटांचा पांढरा शार्क लागला. त्या जातीतलं पोरच म्हणायचं ते. चाळीसेक मिनिटं तो गळ तोडायला धडपडत होता आणि त्या धडपडीत लांब पल्ल्याचं पोहत आलेला एक माणूस मध्ये सापडला. माणूस वाचला. बातम्यांमध्ये दोन दिवस तेच दृश्य, धक्क्यावरून कुणीतरी काढलेला हलता व्हिडिओ, आणि त्यात हसण्याचे आवाजसुद्धा. मावशीनं सगळं समजावून घेतलं, गळाचं तर दोनदा विचारलं, मग म्हणाली, "घशात गळ अडाकलो तर चावतली नाय तर काय करतली?" आणि भांडी लावायला गेली.

म्हणजे समुद्राला किंवा मोरीला घाबरणारी ती बाई नव्हती. हे मला माहीत होतं. म्हणूनच मी हसले ना.

दोन वर्षांनी लेकीला घेऊन देवबागला गेले. ज्यांनी देवबाग पाहिलंय त्यांना सांगायला नको. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या, मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीवर घरं. मावशीच्या मागीलदारी उभं राहिलं की दर्या आणि पुढीलदारी आलं की खाडी. पावसाळ्यात उधाणाच्या रात्री दोन्हीकडून आवाज येतो आणि मध्ये निजलेलं माणूस कूस कुठल्या बाजूला वळवणार? दुपारी मावसबहीण बाळाचे कपडे ठेवायला लाकडी कपाट उघडत होती. दार कुरकुरलं, मग अडकलं. खालच्या बिजागऱ्या पार खाल्लेल्या होत्या, तांबूस भुगा. वरच्या दोन्ही चकचकीत. मी म्हटलं, खालच्या तेवढ्या बदलून घ्या की. ती म्हणाली, "आई देत नाय बदलूक. फयानचे ते."

फयान वादळ नोव्हेंबर २००९मध्ये आलं. पावसाळा संपून गेलेला, होड्या दर्यात गेलेल्या, कुणाच्या मनातही नाही. कोकणच्या किनाऱ्यावरच्या काही होड्या परत आल्याच नाहीत. मावसबहीण तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, मुलगा बारा दिवसांचा. वीज गेली, माड मोडल्याचे आवाज, आणि मग खळ्यात पाणी. खळ्यातून ओटीवर, ओटीवरून माजघरात. मावशीनं आधी लेकीला शिडीवरून माळ्यावर चढवलं, मग बाळाला पदरात बांधून स्वतः चढली. रात्रभर दोघी नारळांच्या आणि जुन्या जाळ्यांच्या ढिगात बसून होत्या. मावशीचे यजमान खाडीच्या बाजूला होडी बांधायला गेले होते, ते उजाडल्यावर आले. तोवर ती दर थोड्या वेळानं शिडीची एकेक पायरी हातानं चाचपत होती. कुठली पायरी ओली लागते ते बघायला.

"तुका सांगूक नाय तिणा?" मावसबहिणीनं विचारलं.

मावशी मागीलदारी सोलं वाळत घालत होती. मी जाऊन शेजारी बसले, पण विचारलं काही नाही. काय विचारणार होते? की त्या रात्री तू माझ्या जिन्याच्या पायऱ्या मोजत होतीस का? ती म्हणाली, "हात लाल होतीत, चेडवाक लावू नको." मी हात धुऊन आले.

त्यानंतर तो पिक्चर मी निदान तीनदा पाहिला असेल. एकदा मैत्रिणींबरोबर, पॉपकॉर्न वगैरे घेऊन, प्रत्येक संवादावर ओरडत. त्या बंगल्याच्या प्रसंगाला सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो, कारण तो खरोखरच सगळ्यात वाईट केलाय. डोंगरउतारावरचं घर, पाणी आलं कुठून आणि थांबलं कसं याचा पत्ता नाही. नायकाच्या बायकोचा नवा मित्र भर दिवाणखान्यात शार्कच्या तोंडी जातो, आणि ही मंडळी बाहेर धावतात तर बाहेर पूर आल्याची काही खूण नाही. मी ओरडते, हसते. फक्त तेवढ्यात माझी नजर पाण्यावर नसते, सोफ्याच्या पायांवर असते. कुठपर्यंत भिजलेत ते. हे मी मुद्दाम करत नाही.

कॅलिफोर्नियात चक्रीवादळ येणं म्हणजे थाप, असं आम्ही इथले लोक ठामपणे सांगायचो. इथला समुद्र थंड, वादळ वर येईस्तोवर त्याची हवा जाते. मग २० ऑगस्ट २०२३ला हिलरी आलं. मेक्सिकोकडून वर सरकताना बरंच ढिलं झालेलं, पण दक्षिण कॅलिफोर्नियाला असा इशारा त्याआधी कधी दिलाच गेला नव्हता. दुकानांत पाण्याच्या बाटल्या संपल्या, नवऱ्यानं वाळूच्या दोन पिशव्या आणून गॅरेजच्या दाराशी टाकल्या, आणि सगळ्यांच्या फोनवर शार्कनेडोचेच विनोद. त्यात दुपारी ओहायकडे ५.१चा भूकंप झाला, म्हणजे विनोदांना आणखी खाद्य. लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिला पिक्चर बघायचाच होता, आजच. बाहेर दिवसभर सरळ, बेताचा, सभ्य पाऊस पडत होता.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. तिच्याकडे सकाळ. टीव्हीवर दाखवतायत म्हणाली, थंय वादळ. मी सांगितलं, काही नाही गं, नुसता पाऊस. "हय तर नाय बघ," ती म्हणाली. खरंच, त्या ऑगस्टमध्ये पावसानं देशभर दडी मारली होती. श्रावण लागला तरी देवबागात धुळीचे पाय. "आमचो पाऊस तुमच्याकडे इलोहा." मागे टीव्हीचा आवाज चालू होता, लेकीच्या मैत्रिणी किंचाळत होत्या. काय चाललंय म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, तोच पिक्चर. वाऱ्यावरच्या मोरीचा.

"गो होय," ती हसली. "त्याचा पुढे काय झाला? मी बघूक नाय."

मग मी तिला शेवट सांगितला. हेलिकॉप्टरमधून वादळात बॉम्ब टाकतात. त्यांच्यातली एक पोरगी हेलिकॉप्टरमधून पडते ती सरळ शार्कच्या तोंडात. आणि मग तो बारवाला करवत घेऊन शार्कच्या पोटात शिरतो, आतून पोट फाडून बाहेर येतो, आणि पुन्हा आत हात घालून तिला ओढून काढतो. कारण नेमका तोच शार्क.

"जिती?"

"हो, जिवंत. खोकते आणि उठते."

मावशी खूप वेळ हसत राहिली, मग तिला ठसका लागला. पाणी प्यायल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता ठेवेल.

"आणि घर?" तिनं विचारलं. "ता पाणी शिरलेला घर. त्याचा काय झाला?"

मी आठवून पाहिलं. मंडळी बाहेर पडतात, घर मागे कोसळतं, गाडी निघते. त्यानंतर त्या घराचं नावही कुणी काढत नाही.

"ते नाही गं दाखवलं पुढे," मी म्हटलं.

"व्हय तर," ती म्हणाली. मग गॅसवर दूध ठेवलंय म्हणून तिनं फोन ठेवला.